खझनाने दिलेला चीक

माझी सासू खझना करडाच्या तोंडात बोट घालून ते जगेल की नाही ते सांगायची. तोंड गार लागलं तर दूध बंद. आधी पोत्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवायचं, अंगात ऊब आली की मगच पाजायचं. अजलूनच्या डोंगरातल्या निम्म्या बायका हे तिच्याकडूनच शिकल्या होत्या. फेब्रुवारीत करडं कुशीत घेऊन त्या आमच्या दारात उभ्या असायच्या. कुणाच्या करडाला हगवण, कुणाची नाळ सुजलेली. खझना आधी झाडायची, मग हात लावायची.

"गोठा ओला ठेवलास ना, उम्म सत्ताम? तू झोपशील का त्या चिखलात?"

"पाऊस थांबेना, त्याला मी काय करू?"

"राख टाक, सुका पेंढा टाक. तोंड चालवतेस तसे हातही चालव जरा."

उम्म सत्ताम, म्हणजे सत्तामची आई, आमची शेजारीण. तीस वर्षं तिने ही बोलणी खाल्ली आणि दर वर्षी न चुकता पुन्हा आली, कारण तिची करडं जगत होती.

खझनाचा एक नियम मात्र गावाला पटत नसे. आमच्याकडे शेळी व्याली की पहिल्या चिकाचा खरवस करून शेजारी पाठवतात, आणि घरात पाहुणा असेल तर पहिलं ताट त्याचं. आमच्या घरून ताट जायचं ते तिसऱ्या दिवशी, तेही पातळ खरवसाचं. पहिले दोन दिवस चिकावर फक्त करडाचा हक्क. "तो चीक म्हणजे त्याचं औषध आहे. मी काय औषध शिजवून वाटू?" असं ती म्हणायची. बायका तिला कंजूष म्हणायच्या, ती ऐकून घ्यायची.

मी इर्बिद शहरातली. मिफ्लिहशी लग्न करून या घरात आले तेव्हा शेळ्यांच्या वासाने मला मळमळायचं. पण माहेरी फोनवर मात्र मी सासूच्या शामी शेळ्यांच्या बढाया मारायचे. लांब कानांच्या, भरल्या कासेच्या दहा शेळ्या, वगैरे. त्या बढाया मला भोवल्या असत्या तर ठीक होतं. भोवल्या तिला.

त्या दहा शेळ्यांत खझनाचा जीव एकीवर होता. तिचं नाव शहला. खझनाने लग्नात वडिलांच्या घरून एक शेळी आणली होती, तिच्या वंशातली ही शेवटची. अकरा वर्षांची, दात गेलेली. तीन वर्षं तिला नुसते बोकडच होत होते, पाट म्हणजे मादी करडू एकही नाही. यंदा ती पुन्हा गाभण राहिली तेव्हा खझना म्हणाली, "आता होईल ती पाट. नाहीतर माझ्या बापाच्या घरचं इथे काही उरणार नाही."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी शहला व्याली आणि पाट झाली. एकच, बारीक, एका कानावर पांढरा ठिपका. खझनाने नाळेला आयोडीन लावलं, तोंडात बोट घातलं आणि हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पाट दोनदा सडाला लागली, दोन-चार घोट प्यायली आणि दमून झोपली.

त्याच दिवशी, लग्नानंतर पहिल्यांदाच, माझी आई आणि नवाल मावशी आमच्याकडे आल्या. मावशीच्या जिभेला सगळं खानदान घाबरायचं. जेवण झालं, चहा झाला, तेवढ्यात गोठ्यातून पाट ओरडली.

"आजच व्याली का?" मावशी म्हणाली. "मग आमचं नशीब जोरावर म्हणायचं. शहरात कुठला आलाय खरवस."

खझनाने पनीरचं ताट पुढे सरकवलं. मावशीने त्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेने माझे कान तापले. खझना गोठ्यात गेली तशी मी मागोमाग गेले.

"अम्ती, वाटीभर खरवसासाठी मला मान खाली घालायला लावणार?"

"पाट अजून नीट प्यायली नाही, पोरी. शहला म्हातारी आहे. कास बघ केवढीशी."

"संध्याकाळी पाजा की. काय बिघडणार आहे? माझी मावशी इर्बिदभर सांगेल, दहा शेळ्या आणि पाहुण्याला ताट नाही."

ती रागावली नाही. मग तिने भांडं उचललं, शहलाजवळ उकिडवी बसली आणि कास पिळून काढली. बाकीच्या शेळ्या व्यायला दहा दिवस होते. दुसरीचा चीक कुठून आणणार, हा विचार मला शिवलाही नाही. खरवस घट्ट झाला, पिवळाधमक. मावशीने दोनदा घेतला. मीही खाल्ला, आणि आवडला हे खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी शहलाची कास भरलीच नाही. पातळ, चमचाभर काहीतरी आलं. खझनाने पाटीला बाटलीने दूध पाजलं, चुलीजवळ घेतलं, गावातल्या गायीचा चीक मागून आणला. तिसऱ्या दिवशी हगवण लागली. पाचव्या दिवशी दुपारी खझनाने पाटीच्या तोंडात बोट घातलं ते बराच वेळ काढलं नाही.

मिफ्लिहने विचारलं, काय झालं? मी शेजारीच उभी होते.

"शेळी म्हातारी. चीक उतरलाच नाही," खझना म्हणाली.

नंतर मी तिला म्हणाले, "अम्ती, तुम्ही खरं का नाही सांगितलंत?"

"पाहुण्यांनी काय खाल्लं ते कुणी मोजतं का? जा, कणीक मळ."

तिने सांगितलं नाही, आणि तिच्याआड लपून मीही नाही. गावाने आपला अर्थ लावला. "उम्म मिफ्लिहचा हात गेला आता," उम्म सत्ताम सगळ्यांना सांगू लागली. "घरची पाट जगवता आली नाही, आमची काय जगवणार?" पुढच्या फेब्रुवारीत बायका करडं घेऊन खालच्या गावातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊ लागल्या. खझना राखेची बादली भरून दारात बसायची. रस्त्याने करडांचा आवाज आला की मान वर करायची, आवाज पुढे गेला की खाली घालायची. अशी सहा वर्षं. माझ्या तोंडात जीभ होती. एक वाक्य पुरलं असतं.

गेल्या वर्षी ती गेली. तिसऱ्या दिवशी बायका सांत्वनाला बसल्या होत्या. मी कडू कॉफी देत होते.

"मोठ्या मनाची बाई," माझी आई डोळे पुसत म्हणाली. "आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा आमच्यासाठी खरवस केला होता. त्याच दिवशी व्यालेल्या शेळीचा."

उम्म सत्तामचा हात कपावरच थांबला. "त्याच दिवशी व्यालेल्या?" तिने माझ्याकडे पाहिलं. "खझनाने? कुठल्या शेळीचा गं?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मावशीही.

"आठवत नाही, खाला," मी उम्म सत्तामला म्हणाले, आणि तिचा कप पुन्हा भरला.