डाव्या चाकावरच्या कमलीबाई

मेडशीत उकंडरावांची जुनी पांढरी गाडी गाव आधी कानांनी ओळखायचं. मागच्या डाव्या चाकाकडून अशी खडखड, की डबाभर खिळे घेऊन कुणी पळत सुटलंय असं वाटावं. पण शेजारच्या कमलीबाई मागच्या सीटवर डाव्या अंगाला बसल्या रे बसल्या, की आवाज गडप! बाई अंगानं भरभक्कम. त्यांचा भार पडला की गाडीची बोलती बंद. तेव्हापासून उकंडराव मानोऱ्याला लग्नाला निघोत की जऊळक्याला स्टेशनवर कुणाला आणायला, कुंपणावरून हाक यायचीच, "कमलीबाई, चाला, गाडीले तुमचं काम हाय."

काम म्हटलं की बाईंचा नाइलाज. कुणाचं फुकटचं घ्यायचं नाही, हा त्यांचा जन्माचा पीळ. नवऱ्यामागं दोन एकर सोयाबीन एकटीनं काढणारी बाई. शेजारून वाटीभर साखर आली, तर वाटी परत जाताना तुरीच्या डाळीनं शीग लावून जायची. नुसतं "चला फिरायला" कुणी म्हटलं असतं, तर "मी कायले येऊ? माहं काय काम?" म्हणून दार लावून घेतलं असतं. गाडीच्या कामाची गोष्ट वेगळी! त्या जोरावर दोन वर्षांत बाईंनी बिनआमंत्रणाची इतकी लग्नं जेवली, की वऱ्हाडी त्यांना आपल्याच पक्षाची थोरली आत्या समजू लागले. एका लग्नात तर रुसलेल्या मामाची समजूत त्यांनीच काढली, आणि हा मामा नवरीचा होता की नवरदेवाचा, हे परतताना गाडीत विचारलं.

बाईंना हे सगळं भयंकर आवडत होतं, आणि उद्या तर चिखलदरा! तिथं ढग म्हणे आपल्या पायाखाली असतात. ही बातमी त्यांनी गल्लीत कुत्र्या-मांजरांपर्यंत पोचवली होती.

एवढ्यात उकंडरावांची लेक मंजुषा नागपूरहून आली. अंगणातून गाडी काढताना तिनं खडखड ऐकली आणि म्हणाली, "घाटाचा रस्ता हाय. आजच मालेगावले दाखवून आणते."

कमलीबाईंनी कुंपणावरून ते ऐकलं. आवाज गेला म्हणजे काम गेलं, आणि काम गेलं म्हणजे चिखलदरा गेला! त्या चप्पल न शोधता तशाच धावल्या, गाडीत आपल्या जागेवर बसल्या आणि मनाशी म्हणाल्या, आता देव आला तरी उतरणार नाही.

तालुक्याच्या मालेगावात गॅरेजवाल्या गुलाम नबींनी गाडी पाहिली, गाडीतल्या बाई पाहिल्या, आणि एक चक्कर मारून सांगितलं, "कुठं आवाज? मख्खन हाय गाडी."

"सकाळी वाजत होती ना चाचा!" मंजुषा म्हणाली.

मग नबींनी बंपर दाबून गाडी हलवून पाहिली. शॉकअप पाहिले, कुठं तेल गळत नव्हतं. शेवटी मंजुषानं त्यांना डिक्कीत झोपवलं आणि गावातला एकूण एक स्पीडब्रेकर ओलांडला. डिक्कीतून आवाज आला, "काही नाई बेटा! फक्त बाई बोलून राह्यल्या!"

"काकू, तुमी जरा उतरता का?" मंजुषानं विचारलं.

"माहे गुडघे धरले ना वं माय."

"चहा तरी घ्या उतरून."

"इथंच दे."

अखेर गाडी जॅकवर चढली, ती बाईंसकट. हातात चहाची बशी धरून बाईंनी वरून गॅरेजचा मुलूख न्याहाळला आणि विचारलं, "चिखलदऱ्यालेही असंच दिसत असल काय, नबीभाई?" नबी हसू लपवायला चाकाआड गेले.

मंजुषा मात्र पायरीवर बसली होती. तिचा चेहरा उतरला होता. "चाचा, घाटात काही तुटलं तं? बाबा, आई, काकू, सगळी आपली मानसं गाडीत राहतीन."

'आपली माणसं' ऐकलं आणि बाईंचा निश्चय पार विरघळला. त्यांना स्वतःची लाज वाटली. "खाली घ्या गाडी," त्या म्हणाल्या. "उतरतो मी."

रिकामी गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि खिळ्यांचा डबा वाजवत परत आली. "मी बसली की नाई वाजत," बाई मान खाली घालून म्हणाल्या. "मले मालूम होतं पोरी. पन मले चिखलदरा पाहाचा होता."

गुलाम नबींनी हात पुसले. "मलेही मालूम हाय, दोन वर्षांपासून. चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या टोकाले रबराचं कडं असते, बुश, ते झिजलं. भार आला की दबून बसते, नाई तं वाजते. जीवाले धोका नाई, नुसता आवाज. मी तवाच म्हटलं, अर्ध्या तासात नवं टाकून देतो. उकंडराव म्हने, नको नबीभाई. आवाज गेला तं कमलीबाईले कोनतं काम सांगून नेऊ? तशी ते बाई येत नाई."

कमलीबाईंनी एकदा नबींकडं पाहिलं, एकदा चाकाकडं. मग त्या हसत सुटल्या. दोन वर्षं आपण गाडीवर उपकार करतोय, या तोऱ्यात वावरलो की! हसता हसता डोळ्यांना पदर लावावा लागला. कुणीतरी आपल्यासाठी एवढं खोटं बोललं, याचा त्यांना इतका आनंद झाला की कुठं ठेवू नि कुठं नाही.

"टाका नवं," त्या म्हणाल्या.

चाक निघालं, पिन ठोकून बाहेर आली. जुनं बुश चावलेल्या सुपारीसारखं झालं होतं. नवं साबणाच्या पाण्यानं ओलं करून आत बसवलं. परतताना बाई आधी उजवीकडं बसल्या, मग मधे, मग डावीकडं; गाडी कुठूनच बोलेना. एक स्पीडब्रेकर तर त्यांनी हौसेनं दोनदा ओलांडायला लावला.

उकंडराव फाटकात उभे होते. गाडी मुकाट येताना पाहून त्यांचा चेहरा पडला. "आवाज?"

"गेला," मंजुषा म्हणाली.

उकंडराव कमलीबाईंकडं पाहत चाचरले, "ते... बाई... डिक्कीचं झाकन जरासं हलून राह्यलं. उद्या कोनी मागं बसून लक्ष..."

"झाकन राहू द्या, भाऊ," कमलीबाई म्हणाल्या. "माहं काहीच काम नाई. उद्या मी फिराले येऊन राह्यली."