गोदावरीतला तारामासा

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. बाहेरची बाधा, चमत्कार असलं कोणी सांगू लागलं की मी सरळ उठून जायचो. म्हणून हे लिहिताना अवघडल्यासारखंच होतंय… पण घडलं ते असं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझी धाकटी बहीण सुजाता सिरोंच्याला दिली होती. तिचं पहिलं बाळ जन्मतःच गेलं आणि तेव्हापासून तिने बोलणंच सोडलं. जावई, म्हणजे तिचा नवरा, शाळामास्तर, भला माणूस… तोही हरला होता. मे महिन्याच्या सुट्टीत मी चंद्रपूरहून तिच्याकडे गेलो.

उन्हाळ्यात तिथे गोदावरी पार ओसरते. खडक उघडे पडतात, त्यांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं — आत शिंपले, गोगलगायी, खेकडे, बारीक मासोळ्या. सुजाताला लहानपणापासून हे पाहायचा नाद. म्हणून सकाळीच तिला नदीवर नेलं. मी दगड उलटून एकेक दाखवत होतो, ती नुसती बसून होती. मग एका खळग्यावर वाकली.

"भाऊ, हे काय होय?"

कित्येक महिन्यांनी तिचा आवाज ऐकला. धावत गेलो. पाण्यात विटकरी रंगाचा, पाच हातांचा तारामासा होता. जिवंत. तोवर मी तो फक्त कॉलेजच्या बरणीत पाहिलेला. हा समुद्रातला जीव, गोड्या पाण्यात जगतच नाही — आणि समुद्र तिथून कुठल्या कुठे. बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी खारट होतं…

सुजाताने पाण्यात तळहात धरला. तारामासा हळूहळू सरकत तिच्या हातावर चढला.

"गुदगुल्या करून राह्यला," म्हणत ती हसली. हसता हसता रडू लागली. बाळ गेल्यापासून पहिल्यांदाच.

मी म्हटलं, "डब्यात घेतो याले. कॉलेजात दाखवीन."

"नको भाऊ. राहू दे त्याले इथीच."

संध्याकाळी जावयाला घेऊन गेलो. खळगा तोच, पण तारामासा नव्हता. पाणी चाखलं… गोडं. मी ओशाळलो. जावई म्हणाला, "असो की नसो भाऊ… आज ते माह्याशी बोलली."

सुजाता सावरली. पुढे दोन मुलींची आई झाली. मी पुस्तकं चाळली, सहकाऱ्यांना विचारलं. भास झाला असेल, म्हणाले. दोघांना एकच भास, आणि तोही जिभेला?

मागे एकदा सुजातालाच विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "मले काय समजते भाऊ… तो जिता होता, एवढंच मले माहीत."