सदाची गाठ आणि बांबूची पट्टी

सदा थळचा. पाग विणतो. पाग म्हणजे खाडीत हाताने फेकायचं गोल जाळं. आता यंत्रावर विणलेली जाळी मिळतात, तरी ज्याला पाग पाण्यावर सारखा पसरायला हवा तो सदाकडेच येतो. मी त्याचा शेजारी. तीस वर्षं फिटर होतो. माणसाचं काम बघितल्याशिवाय मी त्याच्याविषयी मत देत नाही. सदाचं बघितलं आहे. जाळ्याच्या एका भोकाला आम्ही आस म्हणतो. एका ओळीतले आस लहानमोठे झाले तर सदा दोन दिवसांचं काम कापून टाकतो.

गेल्या नोव्हेंबरात त्याच्या मानेला गाठ दिसली. नवी मुंबईच्या एका रुग्णालयात सुईने तुकडा काढून तपासला. लिंफोमा निघाला. कर्करोगच, पण अगदी सुरुवातीचा आणि संथ वाढणारा. डॉक्टर निदा नावाच्या श्रीवर्धनकडच्या बाई होत्या. त्यांनी सदाला, त्याच्या बायकोला म्हणजे केसरवैनीला आणि मला समोर बसवून सगळं सांगितलं. अशी गाठ वर्षानुवर्षं तशीच बसून राहते, कधी आपोआप लहानही होते. आत्ता औषध सुरू केलं म्हणून आयुष्य वाढत नाही, औषधाचा त्रास मात्र लगेच सुरू होतो. म्हणून नुसतं लक्ष ठेवायचं. ताप, अंथरूण भिजवणारा घाम, वजन उतरणं किंवा गाठ वाढणं, यातलं काही झालं तर लगेच यायचं. नाहीतर तीन महिन्यांनी.

"म्हंजे मी काय करायचं?" सदाने विचारलं.

"काही नाही."

"काय तरी काम सांगा. पथ्य तरी सांगा."

"गाठ दाबत बसू नका," बाई म्हणाल्या. "हेच पथ्य."

घरी पोचताच सदाने परसातला बांबू तोडला आणि बरोबर गाठीच्या रुंदीची पट्टी तासली. केसरवैनीने ती मानेवर धरून पाहिली. कडा जुळल्या. लक्ष ठेवायचं तर माप पाहिजे, हे मला पटलं. त्याच वेळी मी एक गोष्ट विचारायला हवी होती. विचारली नाही.

पाग विणायलाही पट्टी लागते. दोरा तिच्यावरून घेऊन गाठ मारली की सगळे आस एकसारखे येतात. गावातल्या विनेशने बारीक आसाचा पाग सांगितला होता आणि नवी पट्टी नेमकी त्या मापाची निघाली. सदाने जुनी शिंगाची पट्टी खुंटीला लावली. सकाळी नव्या पट्टीने मान मोजायची, मग दिवसभर तिच्यावर विणायचं.

भेटायला माणसं येऊ लागली. आजारी माणूस बघायला यायचं आणि तो बोंबलाचं कालवण ओरपताना दिसायचा. आळीतली सखुबाई नारळ घेऊन आली, अर्धा तास बसली आणि नारळ परत घेऊन गेली. खऱ्या आजाऱ्याला देईन, म्हणाली.

जानेवारीत गाठ पट्टीच्या बाहेर आली. आधी केसाएवढी, मग नखाच्या कडेएवढी. केसरवैनी मोजताना काही बोलेना, तेव्हा सदाला कळलं. ती म्हणाली, लगेच जाऊ. तो म्हणाला, पाग पुरा झाल्याशिवाय नाही. जेवण अर्ध्यावर आलं. पाग मात्र दुप्पट वेगाने होऊ लागला. मला बोलावून त्याने सांगून ठेवलं की, तो नसला तर पागाच्या घेराला शिशाचे मणी मी लावायचे. मग थोडा विचार करून म्हणाला, "नको. तू घाई करतोस."

फेब्रुवारीत पाग पुरा झाला आणि आम्ही गेलो. सोनोग्राफी झाली. बाईंनी कागद बघून सांगितलं, गाठ अठरा मिलिमीटर. नोव्हेंबरातही अठराच होती.

"तुमचं मशीन चुकतंय," सदा म्हणाला आणि खिशातून पट्टी काढली. "ही बघा. तेव्हा बरोबर झाकायची. आता झाकत न्हाय."

बाईंनी टेबलावरची मोजपट्टी तिला लावली. साडेसोळा भरली.

तेव्हा कुठे मी सदाला विचारलं, बांबू सुकवला होतास का. ओला बांबू सुकताना आक्रसतो, हे त्याने गावातल्या प्रत्येक पोराला ओरडून शिकवलेलं. एक हंगाम सावलीत ठेवल्याशिवाय तो बांबूला कोयता लावत नाही. त्या दिवशी मात्र तो थांबला नव्हता.

केसरवैनीने पदर डोळ्यांना लावला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. सदाचा चेहरा मात्र पांढरा पडला. बाई उठून त्याच्याजवळ आल्या.

"चाचा, घाबरू नका. तुम्ही बरे आहात."

"मी बरा हाय हो," सदा म्हणाला. "विनेशचा पाग गेला."

घरी येऊन त्याने पाग अंगणात पसरला. मधले, आधी विणलेले आस हवे तसे होते, घेराकडचे बारीक. विनेश आला, दोन्हीकडे बोट घालून बघितलं आणि म्हणाला, मासळीला काय कळतंय. सदाने त्याला बाहेर काढलं आणि निम्म्याहून जास्त पाग कापला. खुंटीवरची शिंगाची पट्टी घेऊन पुन्हा विणायला बसला.

मी माझा मापं घ्यायचा जुना व्हर्नियर नेऊन दिला. लोखंड आक्रसत नाही, मान मोजायला ठेव, म्हटलं. त्याने वर बघितलं नाही.

"तीन महिन्यांनी त्या मोजतील," म्हणाला. "मला येळ न्हाय."