ज्याच्या-त्याच्यापुरतं खरं

बॅलार्ड पिअरवर त्या दिवशी पपांनी भर गर्दीत प्रार्थना केली. हमाल ट्रंका डोक्यावर घेऊन "बाजू, बाजू" करत होते, आई पदर तोंडाला लावून उभी होती, विमल, तू माझा हात सोडायला तयार नव्हतीस, आणि पपा टोपी काखेत धरून, डोळे मिटून, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं अशा मास्तरी आवाजात देवाला माझी एकेक गोष्ट सांगत होते. बोटीवर तब्येत बरी राहावी, इंग्लंडातल्या इस्पितळात मेट्रन दयाळू मिळावी, पोरीला थंडी सोसावी. सगळं आलं त्यात. एक नाव तेवढं आलं नाही. मी डोळे उघडेच ठेवून गेटाकडे बघत होते. वसंत काही आला नाही.

पपांनी आमेन म्हटलं, डोळे उघडले, मी कुठे बघतेय ते त्यांना दिसलं. त्यांनी काखेतली टोपी डोक्यावर घातली. आईने नाताळातल्या करंज्यांचा डबा माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, "सगळ्यांना वाटत बसू नकोस, शालू, तूही खा."

परवा फोनवर तू म्हणालीस, ताई, तू गेलीस ती पपांवर रागावून, असंच परळच्या चर्चच्या मंडळीत सगळे धरून चालतात. इथे लेस्टरला माझ्या मागेपुढे नर्सिंगला आलेल्या आपल्याकडच्या ज्या बायका आहेत, त्याही हेच धरून चालतात. बापाने हिंदू मुलाशी लग्न होऊ दिलं नाही आणि मुलगी तोंड फिरवून निघाली. साफ खोटं आहे ते. इतकी वर्षं गप्प बसले. पण आता तुलाही सांगते आणि त्यांनाही.

तू तेव्हा लहान होतीस, तुला गॅलरीतले ते रविवार नीट आठवायचे नाहीत. पपा मिशनच्या शाळेत मास्तर आणि मंडळीचे एक वडील, म्हणजे चर्चच्या कारभारात पाद्रीसाहेबांच्या खालोखाल ज्यांचा शब्द चाले त्यांतले. वसंत गिरगावातला, फोर्टात एका ऑफिसात कारकून. त्याची आई आमच्या इस्पितळात होती, मी तिच्या वॉर्डात शिकाऊ नर्स. तिथे ओळख झाली आणि तो दर रविवारी दुपारी दादरला उतरून चालत परळला यायला लागला. माझ्यासाठी यायचा आणि पपांशी वाद घालत बसायचा. मी आत कांदे चिरत ऐकायची.

वसंतचं म्हणणं एकच. "मास्तर, तुमचं तुमच्यापुरतं खरं, आमचं आमच्यापुरतं. भांडायचं कशाला?" पपा म्हणायचे, सत्य काय सदरा आहे का, ज्याच्या-त्याच्या मापाने शिवायला? एकदा हे चाललेलं असताना गिरणीचा भोंगा झाला. पपा थांबले आणि अगदी गंभीर चेहरा करून म्हणाले, "वसंतराव, हा कोणापुरता झाला?" वसंत पोट धरून हसला. मग म्हणाला, भोंगा सगळ्यांना ऐकू येतो मास्तर, तुमचा देव तसा सगळ्यांना ऐकू आला असता तर मी कशाला वाद घातला असता? त्यावर पपांनी बाह्या सरसावल्या. आईने चहा आणून आपटला, आधी हा संपवा, मग देवाचं बघा, म्हणाली. असे छान रविवार होते गं ते. पपांना शाळेत, मंडळीत इतक्या नेटाने उलटून बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. वसंतला यायला उशीर झाला की माझ्याआधी पपाच गॅलरीतून वाकून बघायचे.

लग्नाचं निघालं तेव्हा पपा म्हणाले, चर्चमध्ये, आणि विश्वास ठेवणाऱ्याशी. मला वाटलं, संपलं. तर वसंत सहज म्हणाला, "घेतो की बाप्तिस्मा." त्याची आई आणखी मोठ्या मनाची. तिने मला जवळ बसवून सांगितलं, देव काय सगळे सारखेच, त्याला काय म्हणायचं ते म्हणू दे, आम्हाला तू सून म्हणून मिळाल्याशी कारण. मी आनंदाने वेडी झाले. हिंदमाताला जाऊन आईने आणि मी बारीक जरीकाठाची पांढरी साडी घेतली. वसंतने प्रार्थना, आज्ञा, सगळं पपांकडून घडाघडा पाठ केलं. आमच्याकडे रीत अशी, की मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा असला की मंडळीतल्या एका वडिलाने सगळ्यांपुढे उभं राहून साक्ष द्यायची: मी या माणसाला ओळखतो, याच्या तोंडात आहे तेच याच्या मनात आहे. वसंतसाठी पपाच उभे राहणार होते.

आणि मग मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही म्हटल्यावर लालबाग-परळात घराघरातून माणसं रस्त्यावर आली. वसंत सत्याग्रहात गेला आणि आत गेला. बाप्तिस्म्याचा रविवार जवळ येत होता. तुरुंगात त्यांना सांगितलं होतं, झालं ते चुकलं, पुन्हा करणार नाही, एवढं लिहून सही करा आणि घरी जा. घरच्या अडचणीमुळे काहींनी केली, त्यांना कोणी नावं ठेवली नाहीत. वसंतने केली नाही. पपा भेटायला गेले आणि परत आले ते छाती फुगवून. शाळेत, मंडळीत, दुधाच्या रांगेत सांगत सुटले, आमचे वसंतराव वाकले नाहीत. मला मेलीला मात्र वाटत होतं, करावी की सही. लग्न आहे माणसाचं.

तो रविवार हुकला, पुढचा ठरला. वसंत सुटून आला, गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. आईने पानावर बसवून पोटभर जेवायला घातलं. जेवणानंतर गॅलरीत पपांनी अगदी कौतुकाने विचारलं, "का हो नाही केलीत सही? नुसतं रेघोट्या मारायचं काम."

"खोटं कसं लिहू मास्तर?" वसंत म्हणाला. "मुंबई आमची आहे हे काय माझ्यापुरतं आहे? ते खरंच आहे."

पपा हसले नाहीत. जिंकल्यासारखे तर मुळीच दिसले नाहीत. मी दारातच उभी होते, मला ते पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून निघण्याआधीच कळलं आणि वाटलं, नको, पपा, नका विचारू. पण त्यांनी विचारलं, हळू आवाजात.

"मग रविवारी मंडळीपुढे जे म्हणणार आहात, ते?"

वसंत सरळ होय म्हणू शकला असता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग पपांकडे. त्या क्षणी त्याला पपांशी खोटं बोलवेना.

"ते मी शालूसाठी म्हणेन, मास्तर."

पपांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. म्हणाले, "तुम्ही मला खरं सांगितलंत. आता ती साक्ष मी कशी देऊ?" आणि आत जाऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले.

इथपर्यंतचं सगळ्यांना माहीत आहे. पुढचं कोणाला माहीत नाही. वसंतने मला दादरच्या चौपाटीवर नेऊन सांगितलं, रजिस्टर लग्न करू, बाप्तिस्म्याचं पाणी नको, मंडळीपुढची साक्ष नको. आणि विमल, पपा आड आले नाहीत. ते म्हणाले, तू सज्ञान आहेस, मी आशीर्वाद द्यायला येईन, फक्त खोटं बोलायला मला लावू नका. नाही म्हटलं ते मी.

का म्हटलं? मी वसंतला विचारलं, तुला कधीच नाही का वाटणार ते खरं? तो प्रेमाने म्हणाला, "तुझं तुझ्यापुरतं असू दे की, मी कधी आड येणार नाही." आला नसताच तो आड. पण मला कारली आवडतात आणि त्याला नाहीत, तसा माझा देव त्याच्या घरात राहिला असता. मुंबई सगळ्यांपुरती खरी, आणि ज्याच्या आधारावर मी रात्रपाळीत गेलेल्या माणसांचे डोळे मिटायची तो माझ्यापुरता. मुंबईसाठी ज्याला खोटं लिहवेना, तो माझ्यासाठी खोटं बोलायला निघाला होता. हे माझ्यावरचं जास्त प्रेम होतं की कमी, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. माझं काळीज त्या वाळूत तुटलं ते तुटलंच.

नंतर परळात एक गल्ली अशी उरली नाही जिथून त्याच्याशिवाय जाता येईल. नर्सेस पाहिजेत म्हणून जाहिरात आली, मी अर्ज केला. पांढरी साडी तू तुझ्या लग्नात नेसलीस. फोटोत बघितलं, शोभली तुला.

इथे माझं सगळं बरं झालं. सिस्टर झाले, पेन्शन बसली, काउन्सिलच्या फ्लॅटला हीटर आहे, फ्रीझरमध्ये बोंबील आहेत. चर्चलाही जाते. मागे एकदा व्हिकर, म्हणजे इथले पाद्रीसाहेब, मला चहाचा कप देताना हसून म्हणाले, शेवटी प्रत्येकाचं सत्य वेगळं असतं. मी ऐकतच राहिले. वसंतचं वाक्य, आणि ते गळ्यात पांढरी पट्टी घातलेल्या माणसाच्या तोंडी! पपा असते तर बाह्या सरसावून बसले असते. मी मान डोलावली आणि बिस्किट घेतलं. इथे माझ्याशी त्यावर कोणी भांडत नाही. सगळे फार चांगले वागतात, आणि मला इतकं एकटं वाटतं की सांगता सोय नाही.

पपा गेले तेव्हा तुझा ट्रंक कॉल वॉर्डच्या कॉरिडॉरमध्ये आला होता. मला पोचता येणं शक्यच नव्हतं, मातीही होऊन गेली होती. तू रडत रडत सगळं सांगितलंस, आणि शेवटी तक्रार केलीस. वसंत आला होता. बायकोमुलांचा संसारी माणूस, कोणी न बोलावता गिरगावातून आला, शवपेटीला खांदा दिला. "पण ताई, शिवडीला कबरीपाशी सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना म्हटली आणि हा नुसता उभा. पपांनीच शिकवलेली, तोंडपाठ येते त्याला. ओठसुद्धा हलवले नाहीत. निदान त्या दिवशी तरी पपांसाठी म्हणायची!"

मी तेव्हा फोन धरून हमसाहमशी रडले आणि तुला वाटलं पपांसाठी. पपांसाठी होतंच. पण पपांसाठी म्हणून त्याने ती म्हटली नाही, यासाठीही होतं.

लोक विचारतात, घर कुठलं. मी मुंबई सांगते, आता ती आपलीच आहे. माझ्यापुरतं म्हणशील तर ती गॅलरी, जिथे दोन माणसं एका गोष्टीवरून इतक्या जिवाभावाने भांडायची की चहा गार व्हायचा. ती चाळ पाडली म्हणतेस. असू दे. मी डोळे मिटले की मला शिवडीला मातीच्या ढिगाऱ्यापाशी ओठ मिटून उभा असलेला वसंत दिसतो, आणि त्याच्या शेजारी पपा, टोपी काखेत धरून, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं अशा आवाजात सांगताहेत, मी या माणसाला ओळखतो, याच्या तोंडात आहे तेच याच्या मनात आहे.