गव्हाणीतली भाकर

माझ्या आईची भाकर मी बैलाच्या तोंडात पाहिली.

दुष्काळ होता. चेअरमनच्या सोसायटीनं माळावर चारा छावणी घातली होती. आमची एकुलती एक गाय तिथंच बांधलेली. त्यात गावात भांडण पेटलं. दोन आळ्यांनी एकमेकांशी बोलणं तोडलं, एकमेकांची दुकानं बंद पाडली. मग चेअरमननी छावणीतच एकोप्याची पंगत ठरवली. घरोघरच्या भाकरी एका ढिगात मिसळायच्या आणि कुणाची कुठली न बघता सगळ्यांनी खायच्या. वेशीबाहेरच्या आमच्या वस्तीच्यासुद्धा. आई हरखली. घरात होतं नव्हतं तेवढं पीठ तिनं थापलं, हिरव्या लुगड्याच्या धडप्यात भाकरी बांधून दिल्या. एकोप्याची शपथ म्हणायला शाळेनं मला निवडलं होतं.

मंडपाकडे जाताना गव्हाणीपाशी तो हिरवा धडपा दिसला. चेअरमनचा माणूस आमच्या वस्तीच्या भाकरी मोडून बैलांपुढं टाकत होता.

"ह्या कावून इथं?"

"पंगतीत चालत न्हाईत. जनावराला कुठं इटाळ असतो?" तो हसला.

मंडपात चेअरमन माइकवर सांगत होते, "आपण समदे एका ताटातले." टाळ्या. मग माइक माझ्या हातात आला.

शपथ तोंडपाठ होती. म्हटली नाही.

"आमच्या वस्तीच्या भाकरी बैलांपुढं टाकल्यात. एकोपा करायचा आसंल तर तिकडं चला."

कुणी उठलं नाही. भांडणाऱ्या दोन्ही आळ्या माना खाली घालून शेजारी शेजारी जेवल्या. झाला एकोपा. आम्हाला वगळून.

सकाळी आमची गाय छावणीबाहेर, रस्त्याकडच्या बाभळीला बांधलेली. आई माझ्यावर ओरडली, "कावून बोललीस गं? आता हिला काय घालू?" पुढच्या बाजारी गाय विकली. आई कितीतरी दिवस रिकाम्या खुंट्याकडे पाठ करून बसायची. मला तिचा राग आला नाही. त्यांचा अजून येतो.

परवा त्याच चेअरमनचा मुलगा माझ्या दारात आला. पुन्हा दुष्काळ, पुन्हा गावात तेढ, पुन्हा पंगत. आता वस्तीतल्या बायांची दूध सोसायटी मी चालवते, म्हणून मला व्यासपीठावर खुर्ची.

"ताई, तुमी शपथ दिली तर लई बरं व्हईल."

मी टोपल्यातली भाकर काढून त्याच्यापुढं धरली. "खा. इथंच."

त्यानं हात मागं घेतला. "जेवूनच निघालोय."

"मग बापाला घिऊन या. समद्या गावादेखत त्यांनी आमच्या वस्तीची भाकर खायची. तवर माझ्या तोंडून शपथ न्हाई, आन् आमच्या एकाबी घरातनं भाकर न्हाई."