खाली कोण नाही

दातांच्या डॉक्टरची गोष्ट म्हटल्यावर तुम्हाला लगेच पकड दिसली असेल. थोडं थांबा. आमच्या डॉक्टरबाईंची पकड सहसा ड्रॉवरमध्येच असायची. आरशाच्या दांडीनं दाढेवर टकटक करायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या, मृदंगवाला कातडं जोखतो तशा. मग म्हणायच्या, "बघू या कण्णा, घाई कोणाला?" लहानथोर सगळेच त्यांचे 'कण्णा', म्हणजे बाळ.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. त्यांचं बोलणं म्हणजे अर्धं वाक्य मराठी, अर्धं तमिळ, मध्ये एक बारीक खोकला. मी त्यांचा आवाज असा काढायचो की एकदा त्यांच्या सख्ख्या बहिणीनं फोनवर माझ्याकडेच कॉफीची पूड मागितली.

माझ्या अक्काची मुलगी मीनू, नऊ वर्षांची. तिची एक दुधाची दाढ शेजारच्या दातांच्या खाली खाली चालली होती. बाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "खाली कोण नाही." म्हणजे त्या जागी पक्की दाढ येणारच नव्हती. दुधाची दाढ हाडाला चिकटली होती. बाकीचे दात वाढत होते, ही जागच्या जागी. टकटक केलं की दगडावर वाजवल्यासारखं वाजायचं. "राहील तितकी राहू दे. फार खाली गेली, शेजारची तिच्यावर कलली, तर काढावी लागेल."

मीनूनं 'काढावी लागेल' एवढंच ऐकलं. घरी जेवेना. मग मी गच्चीवर जाऊन मित्राच्या मोबाईलवरून घरच्याच फोनवर फोन लावला. मीनूनंच उचलला. मी आधी खोकलो.

"मीनू कण्णा, मी कशाला काढू? खाली कोण नाही."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

पोरगी इडल्या मागून मागून जेवली. मी खूश.

पुढच्या तपासणीला बाईंनी टकटक केलं, डोळे मिटले. या वेळी उघडायला फार वेळ लावला. दाढ हिरडीत गेली होती, मागची तिच्यावर कलली होती. त्यांनी ड्रॉवर ओढला.

मीनूनं तोंड गच्च मिटलं. मग दातांतूनच म्हणाली, "तुम्हीच फोनवर प्रॉमिस केलंत."

अक्का बाईंकडे बघतेय, बाई माझ्याकडे. मी भिंतीवरच्या तक्त्यातले दात बघत राहिलो. आता त्या 'मी नाही' म्हणणार, आणि मीनू यापुढे कोणासमोर तोंड उघडणार नाही.

बाईंनी मास्क खाली केला. "हो, म्हटलं होतं. चुकलं माझं, कण्णा. आता ठेवली तर शेजारची पण बिघडेल. तू हात वर केलास की मी थांबेन. हे समोर बसून सांगतेय."

मीनूनं त्यांच्याकडे बघितलं. मग तोंड उघडलं.

हिरडी बधिर केली तरी चिकटलेली दाढ एका ओढीत येत नाही, तुकडे करावे लागतात. मीनूचा हात वर गेला की बाई थांबायच्या. दर वेळी. शेवटचा तुकडा ट्रेमध्ये वाजला तेव्हा शर्ट माझा भिजला होता.

बाहेर त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "गप. माझा खोकला घे, चालणं घे, सगळ्या तंजावूरला हसव. पण माझ्या आवाजात पोरीला शब्द देऊ नको. तू फोन ठेवून जेवायला जातोस. तो शब्द मला पाळायला लागतो, मूर्खा."