आहेरात गेलेला जंपसूट

घालायला कपडे नाहीत, असं मी लग्नानंतरच्या नऊ वर्षांत एकदाच म्हणाले आणि पुढच्या दोन आठवड्यांत माझ्या ओळखीतल्या बऱ्याच बायकांकडे नवे कपडे आले.

म्हणायची वेळ आली ती एका कुरियरवाल्यामुळे. सकाळी बेल वाजली. मी दार उघडलं. अंगात गाऊन, त्यावर ओढणी, खांद्यावर चिनूचं तोंड पुसायचं फडकं, हातात झारा. त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे घरात पाहिलं आणि विचारलं, "मॅडम आहेत का?"

"मॅडम आंघोळीला गेल्यात," मी म्हणाले आणि मॅडमच्या वतीने सही करून पाकीट घेतलं. (दुसरं काय करणार? मीच ती, असं सांगितलं असतं तर त्यांनी आधार कार्ड मागितलं असतं.)

संध्याकाळी मी निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हटलं, "माझ्याकडे घालायला कपडेच नाहीत."

"मग घे ना."

"कधी घेऊ? स्वराची शाळा, चिनूचं जेवण, चिनूची झोप, चिनूने झोपेतून उठून केलेला पसारा, आईंचं पथ्य, मग परत स्वरा. दुकानात जायचं तर चिनूला घेऊन जावं लागतं. मागच्या वेळी तो पुतळ्याचा हात घेऊन बाहेर आला होता."

निखिलने सहानुभूतीने मान हलवली आणि आणखी एक पोळी घेतली.

उपाय सापडला तो कॉलेजच्या मैत्रिणीकडून. एक कंपनी म्हणे दर महिन्याला घरी खोका पाठवते. त्यात आपल्यासाठी निवडलेले पाच कपडे असतात. घालून बघायचे, आवडतील ते ठेवायचे, बाकीचे तिसऱ्या दिवशी परत द्यायचे. अट एकच, लेबलं निघता कामा नयेत. जे परत येणार नाही, ते आपल्याला आवडलं असं समजून कंपनी पैसे कापून घेते.

आधी मोबाइलवर एक प्रश्नावली भरायची होती. एका हाताने चिनूला वरणभात भरवत मी दुसऱ्या हाताने ती भरली. 'तुमच्या कपड्यांनी तुमच्याबद्दल काय सांगावं?' या प्रश्नाखाली मोकळी जागा होती. मी लिहिलं, 'की माझी आंघोळ झाली आहे.' 'तुमचा शनिवार कुठे जातो?' याला तीन पर्याय होते: पार्टी, कलादालन, समुद्रकिनारा. शनिवारी मी पाचूबंदरला बोंबील आणायला जाते. तेव्हा समुद्रकिनारा.

गुरुवारी खोका आला. मी नेमकी चिनूला लस टोचायला डॉक्टरकडे गेले होते. रडून रडून थकलेलं पोर खांद्यावर टाकून घरी आले, तर हॉलमध्ये चहाचे रिकामे कप होते आणि टीपॉयवर हळदीकुंकवाचं तबक.

"कोण आलं होतं, आई?"

"सुमनवन्सं," सासूबाई म्हणाल्या. "प्राचीला घेऊन आल्या होत्या, वास्तुशांतीचं बोलवायला. येत्या रविवारी आहे. आणि शेजारच्या फिलूमावशी केळी द्यायला आल्या, त्याही बसल्या घटकाभर."

सुमनआत्या म्हणजे निखिलची आत्या. नालासोपाऱ्यात नवीन फ्लॅट घेतलेला, प्राची ही त्यांची सून. फिलूमावशींचं जुनं कौलारू घर आणि केळीची वाडी आमच्या बिल्डिंगच्या भिंतीला लागून आहे. आमच्या उमेळे गावात आता उरलेल्या मोजक्या वाड्यांपैकी ती एक.

"तू ते मागवून ठेवलंस ते फार बरं झालं," आई खुशीत म्हणाल्या. "कपाटात एक ब्लाउजपीस नव्हता. नवीन घराचं आमंत्रण घेऊन आलेल्या बायका, रिकाम्या हाताने कशा पाठवू? तेवढ्यात तुझा खोका आला."

चिनूला मी सोफ्यावर ठेवलं.

"कोणता खोका?"

"कपड्यांचा. वन्संना तो हिरवा पंजाबी ड्रेस दिला. प्राचीला कफ्तान. फिलूमावशींना कोट दिला, पहाटे चर्चला जातात, थंडी असते. तुझ्यासाठी दोन ठेवलेत हो, घाबरू नकोस."

त्यात पंजाबी ड्रेस नव्हताच. कंपनीच्या यादीप्रमाणे तो हिरवा जंपसूट होता, म्हणजे वरचा टॉप आणि खालची पँट एकसंध शिवलेली. तो आता अडुसष्ट वर्षांच्या सुमनआत्यांकडे होता, कुंकू लावून, ओटीत.

"आई, ते कपडे..." मी सुरुवात केली.

"मी सांगितलं ना त्यांना," आई मध्येच म्हणाल्या. "म्हटलं, हे सगळं आमच्या मेघनाने निवडलंय. वन्सं कायम म्हणतात, तुझी सून घरातच असते, तिला बाहेरचं काय कळणार. आज अशा गप्प बसल्या!"

नऊ वर्षांत आईंनी आत्यांसमोर माझं पहिल्यांदा कौतुक केलं होतं आणि तेही दुसऱ्याच्या मालावर. ते कपडे परत मागायचे म्हणजे माझी लाज गेली असतीच, वर आईंचीही गेली असती. दिलेला आहेर परत मागणारी सून आमच्या घराण्यात झाली नव्हती.

रात्रीच्या भाजीत मी मीठ दोनदा घातलं आणि तेवढ्यात एक युक्ती शोधली. साइज बदलून आणते, असं सांगून कपडे घ्यायचे, शनिवारी परत करायचे आणि नंतर सवडीने त्याच तिघींना बाजारातलं काहीतरी बरं नेऊन द्यायचं.

शुक्रवारी सकाळी स्वराला शाळेच्या बसमध्ये बसवलं आणि चिनूला कडेवर घेऊन तशीच फिलूमावशींच्या वाडीत शिरले. मावशी केळीचा लोंगर उतरवत होत्या. अंगावर लुगडं आणि लुगड्यावर माझा ब्लेझर. बाह्या दोनदा दुमडलेल्या. बाहीला लेबल लोंबत होतं. ते बघून मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ धावलेच.

"मावशी, कोट मोठा होतोय ना? द्या, मी बदलून आणते."

"बदलायचा कशाला?" मावशी म्हणाल्या. घरात त्यांची बोली वेगळी, पण माझ्याशी त्या अगदी शाळेतल्या बाईंसारखं मराठी बोलतात. "सकाळी हा घालूनच मिस्साला गेले. सगळ्या बायका हात लावून बघत होत्या. फादर थांबले आणि म्हणाले, फिलूबाय, ऑफिसला निघालात काय?"

"पण बाह्या..."

"बाह्या दुमडता येतात. हे बघ, लेबलसुद्धा काढलं नाही. कोणी जुना म्हणायला नको." मग त्यांनी कॉलर नीट केली. "तुमची बिल्डिंग उभी राहून अकरा वर्षं झाली, मेघना. भिंतीवरून केळी मीच देते. तिकडून मला पहिल्यांदा काही आलं."

मी पुढे केलेला हात मागे घेतला. त्यांनी लोंगरातल्या दोन फण्या कापल्या, माझ्या पिशवीत घातल्या आणि चिकाने भरलेले हात ब्लेझरच्या दोन्ही खिशांवर पुसले. केळीचा चीक कपड्यावरून कधीच जात नाही, हे मला त्याच वाडीत त्यांनीच शिकवलं होतं.

एक गेला. दोन बाकी होते.

दोन रिक्षा बदलून, चिनूला वाटेत तीन केळी भरवून, मी साडेअकराला नालासोपाऱ्याला पोचले. स्वरा दीडला घरी येते, त्यामुळे बसायला वेळ नव्हता. मी चपला काढता काढताच मुद्द्यावर आले.

"आत्या, ड्रेसचं माप नीट झालं का? मी बदलून..."

"बरी आलीस," आत्या म्हणाल्या. "मला तुला फोनच करायचा होता. कुठून घेतलास तो? फसवलं गं तुला."

"का, काय झालं?"

"अगं, शिलाई चुकलेली. वरचं आणि खालचं एकत्रच शिवून टाकलं होतं मेल्यांनी. मी घालून बघितला तर बाथरूमला जायची पंचाईत. म्हटलं, पोरीने एवढ्या प्रेमाने दिलाय, वाया कशाला घालवा. काल संध्याकाळीच खालच्या शिंप्याकडे नेला आणि कापून वेगळा करून घेतला." त्यांनी आतून दोन तुकडे आणून माझ्यासमोर धरले. "बघ आता कसा माणसासारखा दिसतोय. तू त्यांना तक्रार कर. असे सोडू नकोस त्यांना."

मी ते दोन तुकडे हातात घेतले. शिंप्याने काम अतिशय सफाईने केलं होतं. खालच्या भागाला नाडीसुद्धा घातली होती.

"करते तक्रार," मी म्हणाले. माझा आवाज जरा बारीक आला असावा, कारण प्राचीने माझ्याकडे नीट पाहिलं आणि "वहिनी, नवीन किचन बघा ना" म्हणत मला आत नेलं.

आत गेल्यावर तिने ओट्याखालच्या कप्प्यातून एक पिशवी काढली. "कफ्तान आहे. लेबलाला हात लावलेला नाही. तो खोका मला माहितीय हो, आमच्या ऑफिसात एकजण मागवते. कालच बोलणार होते, पण दोघी सासवा समोर होत्या. आमच्या आईंच्या ड्रेसचं मला उशिरा कळलं, नाहीतर शिंप्याकडून उचलून आणला असता. सॉरी."

सकाळपासून पहिल्यांदा कोणीतरी मला समजून घेतलं होतं. मला रडूच यायचं बाकी होतं. एवढ्यात बाहेरून आत्यांचा आवाज आला, त्या फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "हो हो, प्राचीला पण दिलाय ना. वास्तुशांतीला तोच घालणार आहे ती. आमच्या वहिनींची सून, फार मोठ्या मनाची."

प्राचीने खाली बघितलं. तो कफ्तान निळा होता आणि तिला छान दिसला असता. तिच्याही अंगात एक जुना गाऊनच होता.

मग मी जे केलं, त्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. मी पिशवी तिच्याकडे परत सरकवली. "वेडी आहेस का? मुद्दाम तुझ्यासाठीच निवडलाय," मी म्हणाले. (खोटं बोलायला सुरुवात केली की पहिल्या अर्ध्या तासात फार सराव होतो.)

तिसरा कपडा मी अशा रीतीने स्वतःच्या हाताने घालवला आणि एकला घरी आले. आता निदान माझ्या वाट्याचे दोन तरी परत करू, या विचाराने मी कपाट उघडलं. कपाटात ते नव्हते. ते बाल्कनीत दोरीवर होते, टपटप पाणी गाळत.

"आई!"

"नवीन कपडा धुतल्याशिवाय अंगाला लावू नये," आई म्हणाल्या. "चांगल्या कढत पाण्यात भिजवले. आणि ती पुठ्ठ्याची लेबलं होती ना, ती काढून चिनूला दिली खेळायला."

चिनूने त्यातलं एक लेबल आधीच खाल्लं होतं.

शनिवारी बारा वाजता परतीचं सामान न्यायला हेल्मेट घातलेल्या एक बाई आल्या. मी त्यांना रिकामा खोका दाखवला. खरं म्हणजे रिकामा नव्हता, त्यात चिनू बसला होता.

"परत काय द्यायचंय?"

"काही नाही."

"काहीच नाही? लोक चार तरी परत देतात." त्या हसल्या. "म्हणजे सगळंच आवडलं तुम्हाला."

"सगळ्यांना," मी म्हणाले.

त्यांनी मोबाइलवर कुठेतरी टिचकी मारली आणि त्याच क्षणी निखिलला बँकेचा मेसेज गेला असणार, कारण संध्याकाळी तो आला तो हसतच आला.

"पाच घेतलेस? छान केलंस. एखादा घालून दाखव ना."

"फिलूमावशींकडे एक आहे, तो उद्या पहाटे चर्चजवळ दिसेल. एक प्राचीकडे. एक तुझ्या आत्यांकडे."

"आत्यांकडे? कसा आहे?"

"दोन आहेत आता."

मग मी त्याला सगळं सांगितलं. त्याने आईंना यातलं काही कळू द्यायचं नाही असं मला वचन दिलं आणि उशीत तोंड खुपसून इतका हसला की चिनू उठला. त्याला परत झोपवायला मलाच एक तास लागला.

रविवारी वास्तुशांत होती. मी ठरवलं, आपल्या वाट्याचे दोन कपडे अंगावर घालूनच जायचं, निदान एवढा तरी हिशेब वसूल. पांढरी लिननची पँट कढत पाण्याने घोट्याच्या बरीच वर जाऊन थांबली होती. टॉपही श्वास रोखून धरला तर बसत होता.

नव्या फ्लॅटच्या दारात प्राची निळ्या कफ्तानमध्ये उभी होती आणि खरोखर देखणी दिसत होती. आत्यांनी जंपसूटचा वरचा तुकडा ब्लाउज म्हणून पिवळ्या साडीवर घातला होता. आणि काका, म्हणजे आत्यांचे यजमान, खालचा तुकडा पायजमा म्हणून घालून पाहुण्यांना पन्हं देत फिरत होते. नाडी त्यांना अगदी बरोबर बसली होती. आई एका कोपऱ्यात चार बायकांना सांगत होत्या, "निवड सगळी आमच्या मेघनाची. तिची नजरच तशी आहे." त्या चौघींनी वळून मोठ्या आदराने माझ्याकडे पाहिलं.

मी नमस्काराला वाकले. टॉपची काखेतली शिवण कर्रकन वाजली. आत्यांनी मला उठवलं, घोट्यापासून खांद्यापर्यंत एकदा मायेने न्याहाळलं आणि चारचौघींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दुसऱ्यांचं माप कसं अचूक कळतं गं तुला. पण पोरी, स्वतःसाठी घेताना जरा वाढत्या अंगाचं घेत जा."

मी छत्तीस वर्षांची आहे.